सुकतीची वेळ

“सुकती लागली हा. तिसरे काढूक येतास काय?” – तेहेतीस वर्षांमागचा नव्या नवरीचा, यशोदेचा आवाज, आणि त्याच्यामागोमाग आपलाच, “तू जा गो, माका फायली बघूच्यो आसत...” तळहातावरचा मिटलेला शिंपला न्याहाळता न्याहाळता रामचंद्र ओशाळला. फायली ओरोसच्या कचेरीत होत्या. घरी तर तो शनिवारपुरता आलेला.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी, याच सोमवारी, तो प्रथमच यशोदेबरोबर खाडीत उतरला होता. सकाळचे सात, ओहोटीनं सुकून घोटाभर उरलेलं पाणी, चिखलात तळपायांनी चाचपत तिसरे, म्हणजे हे शिंपले, शोधायचे – त्याला आवडलं. आज गुरुवारी तिच्याआधी पोचून तिला चकित करावं म्हणून बरोब्बर सातला आला, तर तिथंच कमरेएवढं पाणी! जन्मभर मस्टरवर सही केलेला माणूस. पाण्याचीही वेळ ठरलेली, हे तो धरूनच चालला होता. काठाला सापडला तो हा एकच चुकार शिंपला.

परत जायची लाज वाटली, म्हणून बांधावर बसला. बसलाच. पाणी उतरताना दिसत नाही... एका दगडाची पाठ सुकते, मग दुसऱ्याची, मग कधीतरी कळतं की उतरलं. कुर्ल्या बिळातून डोकावतात, आत पळतात. कोणी हाक मारत नव्हतं, काही मागत नव्हतं. नेमकं हेच मिळावं म्हणून तर चौदा वर्षांपूर्वी... ओरोसची ती एकट्याची खोली, दार लावलं की जगाचा विसर पाडणारी. घराजवळच्या मालवणची बदली आली तेव्हा यशोदेला सांगितलं, साहेबांनी अडवली. महिनाभर ती साहेबांना शिव्या घालत होती. आणि हवी होती ती शांतता घरापासून दहा मिनिटांवर, रोज उघडी पडत होती, रोज बुडत होती...

नऊला यशोदा बांबूची रोवळी घेऊन आली, त्याला बघून हसलीच.

“सातापासून हयच? खाडीत मस्टर नसता, साहेबानू! पाणी रोज पाऊण तास उशिरा सुकता.”

“माका कोणी सांगूक नाय ता.”

“तुम्ही कधी इचारलास?”

साडी खोचून ती उतरली. तो मागोमाग. चिखल गार. पायाला एक शिंपला लागला, दुसरा लागला. वाकायचं सोडून तो उभाच राहिला. सांगितलं तर अशी सकाळ उद्या मिळेल की नाही... आणि न सांगता घ्यायची, तर पुन्हा चोरूनच घ्यायची.

“काय झाला? काटो गेलो?”

“यशोदा, ती मालवणची बदली... साहेबान अडवूक नाय. मीच नको म्हणान लिवन दिलंय.”