परत केलेलं पुस्तक

कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंना भुताखेतांची भीती नव्हती. तीस वर्षं प्राध्यापकांना तोंड दिलेल्या बाईला भुतं काय करणार! म्हणून काळ्या कव्हरचा तो कथासंग्रह त्यांनी भर दुपारी काउंटरवरच उघडला. चार वाजता लेखिका स्वतः येणार होती, आणि तिची ओळख करून द्यायचं काम नेहमीप्रमाणे बाईंच्याच गळ्यात पडलं होतं.

नऊच्या नऊ गोष्टी कॉलेजांतल्या. प्राध्यापक मेणबत्तीच्या उजेडात मेलेल्या भाषा शिकवत, विद्यार्थी ज्ञानापायी वेडे होऊन एकमेकांच्या जिवावर उठत. इथले विद्यार्थी ज्ञानापायी एक मजला जिना चढत नव्हते. बाई गालातल्या गालात हसत पानं उलटत होत्या.

सातव्या गोष्टीत त्यांचं हसू मावळलं. शेवटच्या वर्षाची एक मुलगी, ताऱ्यांवरचं एक जाड पुस्तक, निळ्या पुठ्ठ्यावर शाईचा डाग. पुस्तक परत केलं असं मुलगी म्हणते, नाही असं ग्रंथालय म्हणतं. सगळी पुस्तकं परत आल्याची ग्रंथालयाची चिठ्ठी नाही म्हणून परीक्षेला बसू देत नाहीत. मुलगी घरी जाते आणि चार महिन्यांत तापाने दगावते. तेव्हापासून रोज दुपारी ती काउंटरपाशी येऊन उभी राहते आणि एवढंच म्हणते, ‘मी परत केलंय.’

बाईंनी निळ्या पुठ्ठ्याची ती ओळ पुन्हा वाचली. तो डाग त्यांनी पाहिला होता.

इथे प्रत्येक पुस्तकाला एक कार्ड असे. पुस्तक बाहेर असेपर्यंत ते नेणाऱ्याच्या नावानिशी खोक्यात राहायचं, परत आलं की पुन्हा पुस्तकात जायचं. पण बाई तेव्हा नवीन होत्या आणि वाचनाच्या भारी हावरट. चांगलं पुस्तक परत आलं की आधी घरी न्यायच्या, कार्ड मग सावकाश लावायच्या. ताऱ्यांचं पुस्तक असंच घरी गेलं, पलंगामागे पडलं आणि साफ विसरलं गेलं. मुलगी रडत आली तेव्हा बाईंनी खोक्यातलं कार्ड तिच्यापुढे धरलं. “नाव तुझंच आहे ना? मग!”

दोन वर्षांनी घर बदलताना ते पुस्तक सापडलं. मुलगी गेल्याचं तोवर कानावर आलं होतं. बाईंनी कार्ड लावलं, पुस्तक मांडणीवर ठेवलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

आता काउंटरवर सावली पडली. बाईंनी मान वर केली नाही. सावली गेली. थोड्या वेळाने पुन्हा पडली. बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर कोणीच नव्हतं.

“बाई, आले मी.”

लेखिका. त्या मुलीचंच कपाळ, तीच हनुवटी.

“सातव्या गोष्टीतली मुलगी,” बाई कशाबशा म्हणाल्या, “तुमची कोण?”

“थोरली बहीण. मी दहा वर्षांची होते.”

गप्प बसता आलं असतं. दोन महिन्यांनी निवृत्ती, हार, भाषणं, सगळं कसं अब्रूनिशी पार पडलं असतं. बाईंनी टेबलाची कड धरली आणि सगळं सांगून टाकलं, पलंगासकट.

 लेखिकेच्या डोळ्यांत राग होता, आणि तो बाईंनी निमूटपणे झेलला.

“हे माझ्या आईला सांगाल?” ती म्हणाली. “ती बाहेर बाकावर बसली आहे. रोज दुपारी घरातली कपाटं उपसते. ताईने पुस्तक घरातच कुठंतरी लपवलंय, असं तिच्या डोक्यात बसलंय. आजही उपसूनच आली.”

बाई बाहेर गेल्या. म्हातारीच्या शेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला.

“काकू, तुमच्या लेकीनं पुस्तक परत केलं होतं. ते माझ्या घरी होतं. चूक माझी.”

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला समजलं की नाही, कळेना. 

“म्हणजे खरं बोलत होती?”

“हो, काकू.”

“तापातसुद्धा तेच सांगत होती हो,” म्हातारी म्हणाली. “आणि मी म्हटलं होतं, खरं सांगेपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही. नाहीच बोलले.”