नखाएवढं अंतर

मंगळवार, २० ऑगस्ट २०२४. सकाळपासून भुरभुर, अकरानंतर उघडीप. भिंतींना ओल.

मी भारताचा नकाशा. उचगावच्या एका शाळेत, सातवीच्या वर्गात, खिळ्याला टांगलेला होतो. माणसं माझ्यावर बोट ठेवून बोलतात. त्या दिवशी एका बोटानं काय केलं, ते आता मी सांगतो.

माझा कागद कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या. एकोणीस वर्षांपूर्वी शाहूपुरीतल्या दुकानातून मला मोटारसायकलवर आडवं धरून आणलं. प्रत्येक नवा वर्ग आधी आपलं गाव शोधतो आणि शेजारच्या कोल्हापूरवर बोट टेकवतो, त्यामुळं ते पुसून गेलं. तिथं आता पांढरा डाग आहे.

इतिहास संघप्रिया बाई शिकवायच्या. नुसतं वाचून दाखवणं त्यांना पटायचं नाही. धड्यात प्रवास असला की त्या लाल दोरा आणि टाचण्या आणायच्या, पोरांकडूनच वाट लावून घ्यायच्या. त्या दिवशी आग्र्याहून सुटका होती. समोरची पोरं बारा वर्षांची, म्हणून बाईंनी गोष्ट नऊ वर्षांच्या संभाजीराजांपासून धरली.

"राजगडावरून आग्र्याला. दोन महिन्यांची वाट. तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होते."

"आमचा राजवीर शिरोलीपतोर एस्टीत वकतोय, बाई," प्रसेनजीत म्हणाला.

"तू गप की. तुझी आई तुला दप्तर आणून देती," राजवीर म्हणाला. वर्ग हसला. बाईही हसल्या.

मग सांगत सांगत त्या सुटकेनंतरच्या मथुरेला आल्या. महाराजांनी मुलाला तिथं विश्वासाच्या घरी ठेवलं. शत्रूनं शोध घेऊ नये म्हणून, बखरीत असं सांगतात, मुलगा वाटेत वारला अशी बातमी उठवली. दिवससुद्धा घातले.

तिसऱ्या बाकावरून संयोगितानं हात वर केला. पुरानंतर पहिल्यांदा.

तिचे वडील जोतीराम. पंचवीस जुलैला पुराचं पाणी चढलं तेव्हा ते पंचगंगेकाठच्या गोठ्यातल्या म्हशी सोडायला गेले. म्हशी पोहून बाहेर आल्या, ते आले नाहीत. पंधरा दिवस वाट बघून भावकीनं दर्भाचा पुतळा केला, त्यालाच अग्नी दिला आणि पुढचे विधी उरकले. हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. बाईंनाही. पण गोष्ट रंगली होती.

"बाई, म्हंजे दिवस घातलं आन् राजं जित्तं हुतं?"

"हो. पुढं सुखरूप गडावर आले."

"किती लांब ठेवलं हुतं?"

बाईंनी आग्रा आणि मथुरेमध्ये दोरा ताणला. "बघ, नखाएवढं. पन्नासेक किलोमीटर."

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. संयोगितानं तेवढाच दोरा चिमटीत धरला, एक टोक पांढऱ्या डागावर ठेवलं आणि दुसरं उजवीकडं वळवलं. ते कृष्णेच्या निळ्या रेघेवर पडलं. पंचगंगा नृसिंहवाडीला, बोलण्यातल्या वाडीला, कृष्णेला मिळते, हे ती भूगोलात शिकली होती.

"जेवायचं न्हाय व्हय?" राजवीरनं दारातून विचारलं.

"न्हाय. मला काम हाय."

मी कागद आहे, नदी नाही, हे मला तिला सांगायचं होतं. नकाशाला तेवढं जमत नाही.

बुधवारी तिचा बाक रिकामा. अकराच्या सुमाराला तिची आजी झुंबरबाई वर्गाच्या दारात उभी राहिली.

"बाई, काय शिकवलासा ओ पोरीला? चिठ्ठी ठेवून गेलीया. 'अण्णा वाडीला हाईत, आणाय जाते.' काल रात्री म्हनत हुती, पुतळा जाळला म्हंजे मानूस मेलं असं न्हाय."

बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि हातातल्या खडूसकट बाहेर पडल्या.

पुढचं मी शुक्रवारी ऐकलं, बाई मुख्याध्यापकांना सांगत होत्या तेव्हा. संयोगिता त्यांना आणि झुंबरबाईला नृसिंहवाडीच्या घाटावर सापडली. सकाळपासून ती फोटो दाखवत दर्शनाला आलेल्या माणसांना विचारत होती, "माझं अण्णा बघितल्यासा का?" एका नावाड्यानं तिला बसवून ठेवलं होतं. त्यानंच झुंबरबाईला बाजूला घेऊन पोलिसांकडं जायला सांगितलं. पुरात सापडलेल्या बेवारस माणसांचे कपडे तिथं पिशव्यांत ठेवलेले होते. तिसऱ्या पिशवीत निळा सदरा निघाला. दुसरं बटण हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं.

"ह्ये न्हवं," संयोगिता म्हणाली.

झुंबरबाईनं बटण उलटं करून पाहिलं. "तूच शिवलंस की गं," ती म्हणाली आणि खाली बसली.

"न्हवं म्हनते न्हवं मी."

पोरगी हटेना. रक्त तपासून खात्री करता येते, असं हवालदार म्हणाले. सुईसाठी हात तिनं स्वतः पुढं केला. ती जिंकणार होती, तिच्या मते.

त्या आठवड्यात बाईंनी माझ्यावरचा दोरा सोडवला आणि मला गुंडाळून कपाटामागं ठेवलं. यंदाच्या सातवीनं आग्र्याचा धडा पुस्तकातून वाचला. खालच्या दांडीला वाळवी लागली आहे. बाई वाईट शिकवत नव्हत्या, हे मी कुणापुढंही सांगेन. शिकवणाऱ्यांना माझी एकच विनंती. मेलेलं माणूस परत येतं अशी गोष्ट काढण्याआधी बाकांवरून एकदा नजर फिरवा. मग खुशाल काढा. आणि मला उलगडाल तेव्हा पोरांना सांगा, माझ्यावर सगळंच जवळ दिसतं.

१७ डिसेंबर २०२४ रोजी तपासणीचा अहवाल आला. नमुने जुळले. २९ जुलैला संगमाखाली सापडलेला आणि बेवारस म्हणून पुरलेला देह जोतीराम यांचा होता. २१ डिसेंबरला तो उकरून कोल्हापूरला आणला. अग्नी संयोगितानं दिला.