महाराजांचा पितळी दंड

"महाराज, दंड लाकडाचा असता, तर इंजिन सुरू झालं असतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, "विचारून दाखव!" म्हणून ठिणगीने बंदराच्या धक्क्यावर भर गर्दीत विचारून दाखवलं. आत्ताच तर चमत्कार घडला होता! पप्पांच्या शिडाच्या बोटीचं म्हातारं इंजिन आठ दिवस नुसतं 'टक्' करून गप्प बसत होतं. महाराजांनी दंड टेकवला, पप्पांनी चावी फिरवली आणि ते धडधडलं.

"पोरी, हा सिद्ध दंड! बोटीवर बुडालेल्या जीवाची सावली आहे. बोट मठाला अर्पण करा, तरच घर वाचेल."

पप्पांनी मुकाट मान डोलावली. ठिणगीच्या डोक्यात तिडीक गेली. नवी बॅटरी झाली, स्टार्टर दोनदा खोलून झाला, बोटांची सालटी निघाली. "वायरी बघू या ना," म्हटलं की पप्पांचं ठरलेलं उत्तर, "मी स्वतः लावल्यात त्या. वीस वर्षांत हात लावावा लागला नाही!"

तिने दंड नीट पाहिला. अंगभर लाल कापड, पितळी टोकं मात्र घासून लखलखीत. एक टोक बॅटरीवरच्या काळ्या वायरच्या नटावर, दुसरं इंजिनावर.

तिने इंजिन बंद केलं, दंड बाजूला सारला, हत्यारांच्या पेटीतली जाड वायर काढली आणि त्याच दोन जागी टेकवली. "पप्पा, चावी फिरवा."

धड धड धड!

"माझी वायर कधी हो सिद्ध झाली, महाराज?"

मग त्या काळ्या वायरचा इंजिनाकडचा नट तिने सोडला. खाली हिरवागार गंज! पॉलिश पेपरने घासला, नट आवळला. आता ना दंड, ना जादा वायर, तरी इंजिन पहिल्या फटक्यात सुरू.

"सावली घाबरून पळाली!" महाराज दंड काखोटीला मारत म्हणाले.

"मग तुम्ही का पळताय?" गर्दीतून आई कडाडली. धक्का हसून लोटपोट झाला.

"वीज बॅटरीतून जाते, तशी परतही यावी लागते," ठिणगी म्हणाली. "परतीची वाट गंजाने अडली होती. 'टक्' करण्यापुरती वीज येत होती, स्टार्टर फिरवायला पुरत नव्हती. दंडाने दुसरी वाट दिली, एवढंच! लोकहो, सावली शोधण्याआधी नट सोडून बघा."

पप्पा पॉलिश पेपरवरच्या हिरव्या गंजाकडे बघत पुटपुटले, "वीस वर्षं..."

"पप्पा, आई, मी ठरवलंय. बोट कुणाला द्यायची नाही. आणि रविवारपासून हिची एकूण एक वायर मी उघडून बघणार. तुम्ही लावलेलीसुद्धा!"