गिऱ्हाइकाच्याच शब्दांत

भांडुपला टेंभीपाड्यात, एका जिन्याखाली, सहा बाय चारच्या गाळ्यात वनमाला परब एकतीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करत होती. सासरा गिरणीत फिटर. गिरणी गेल्यावर त्यानं हा गाळा टाकला, आणि पोराला पाना धरायची अक्कल नाही हे बघून सुनेला शिकवलं. बाई मशीनवर शिवते हे लोकांच्या डोक्यात बसतं, बाई मशीन खोलते हे बसत नाही. अजूनही कोणीतरी आत डोकावून विचारायचं, "मेकॅनिक कुठे गेला?"

"मेला," वनमाला मान वर न करता सांगायची. "मी आहे, बोला."

आता इमारत पाडायची नोटीस लागली होती. वरच्या सगळ्यांना नव्या टॉवरमध्ये घरं मिळणार होती. जिन्याखालचा गाळा कुठल्याच नकाशात नव्हता, त्यामुळे त्याच्या बदल्यात मिळणार होता ठेंगा. अठ्ठावन्नाव्या वर्षी वनमालानं नोकरी शोधली. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक संस्था मुलींना शिवण शिकवते. तिथे मशीन दुरुस्ती शिकवणारं माणूस हवं होतं. संस्थेचे व्यवस्थापक अनंत रेगे यांनी तिच्यासमोरच मोबाइलवर तिचं नाव टाकलं आणि मोबाइल तिच्याकडे फिरवला.

"काहीच येत नाही हो. मुली आजकाल आधी नेटवर बघतात. शिकवणारी दिसायला नको? महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो. काहीतरी दाखवा."

वनमालानं घरी येऊन हे आमटी ढवळता ढवळता सांगितलं, आज भाजीवाला आला नाही असं सांगावं तसं. भडकली ती दीप्ती, तिच्या दिराची मुलगी. दीप्ती अंधेरीला एका ऑफिसात होती. दात पांढरे करणाऱ्या आणि टकलावर केस उगवून देणाऱ्या दवाखान्यांना सर्चमध्ये वर चढवायचं, हे तिचं काम.

"टकल्यांना वर चढवते मी, काकी. तुला नाही चढवणार?"

तिनं चॅनल काढलं. नाव ठेवलं 'व्हीएम स्टिच सोल्युशन्स'. पहिल्या व्हिडिओचं शीर्षक, 'एपिसोड वन: इंट्रोडक्शन टू बॉबिन टेन्शन', म्हणजे खालच्या धाग्याचा ताण. सुरुवातीला बारा सेकंद म्युझिक, त्यात उडणाऱ्या कात्र्या. ऑफिसात असं केलं की साहेब खूश होतो, म्हणून तिनं तसंच केलं. पोटातली भाषा सोडून पगाराची भाषा वापरली. शिकलेली माणसं हे फार सहज करतात.

चौथ्या दिवशी आकडे आले. तीनशे बारा जणांनी व्हिडिओ उघडला होता, दोनशे नव्वद लाईक. दीप्ती उडालीच. मग तिनं खालची ओळ वाचली. माणसं सरासरी थांबली होती अकरा सेकंद. बारा सेकंदांचं म्युझिक संपायच्या आत बहुतेक सगळे पळाले होते. काकीचा चेहरासुद्धा फारसा कोणी पाहिला नव्हता.

ही कामगिरी होती गावच्या मंडळाचा सेक्रेटरी धाकू याची. तो छाती काढून गाळ्यावर आला.

"बघलंस मा? मंडळाच्या ग्रुपात सगळ्यांका सांगलंय. उघडा, लाईक मारा, बंद करा. एक माणूस चुकूक नाय."

"धाकूकाका, वाट लावलीत तुम्ही," दीप्ती म्हणाली. "समजा खानावळीत तीनशे माणसं शिरली, छान छान म्हणाली आणि न जेवता बाहेर पडली. रस्त्यावरचा माणूस काय समजेल?"

धाकूनं विचार केला. "जेवणात पाल पडली."

"तेच समजलंय ते सर्चचं मशीन. आता ते काकीला कोणाला दाखवतच नाही."

"मगे आता परत तीनशे जणांका पूर्ण बघूक सांगू?"

"नको. मंडळाला सांगा, कृपा करा. ज्याची मशीन बिघडली असेल त्यानंच बघा."

धाकू पडेल चेहऱ्यानं स्टुलावर बसला. तेवढ्यात प्रेमा आली, पुढच्या चाळीतली, ब्लाऊज शिवणारी. काखेत मशीनचं डोकं.

"काकी, वरून शिलाई मस्त दिसते गं. खालून नुसतं जाळं होतं."

वनमालानं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचा तुकडा घेतला, त्यावर लिहिलं, 'वरून मस्त, खालून जाळं होतं', आणि दोऱ्यानं मशीनला बांधला. दीप्तीनं लहानपणापासून हे हजारदा पाहिलं होतं. आज पहिल्यांदा विचारलं.

"टेन्शन बिघडलं असं का नाही लिहीत तू?"

"बिघडलंय का, ते मला अजून कुठे माहीत?" वनमाला म्हणाली. "तिला दिसलं ते लिहायचं. मी माझा शब्द लिहिला की मी तेच शोधत बसणार, आणि दोष राहणार दुसरीकडेच."

तिनं मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचलला, वरचा धागा पूर्ण काढला आणि सावकाश पुन्हा ओवला. प्रेमानं घाईत ओवलेला धागा ताण देणाऱ्या दोन चकत्यांच्या मधे बसलाच नव्हता. चिंधीवर चार इंच शिवून वनमालानं ती उलटी केली. खाली सरळ रेघ.

"खाली दिसतं म्हणून खाली उचकायचं नाही. हा दोष वरचा असतो."

मग तिनं चिठ्ठी सोडली, मागच्या बाजूला काय निघालं ते लिहिलं आणि पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात टाकली. दीप्तीनं डबा मांडीवर घेतला. एका बाजूला बाईची तक्रार, दुसऱ्या बाजूला दोष. 'जाड कापडावर टाके सोडते.' सुई उलटी बसवली होती. 'कापड पुढे सरकत नाही, एकाच जागी शिवते.' खालच्या दात्यांत कचरा. 'चालताना रडते.' तेल नाही, वर्षभर. असे आणखी तीन डबे फळीवर होते.

दीप्तीच्या ऑफिसात लोक नेमकं काय शब्द टाकून शोधतात हे कळावं म्हणून महागडी सॉफ्टवेअरं होती, आणि ती चालवणारी दहा माणसं एसीत बसून अंदाज मारत होती. इथे सातवी शिकलेली बाई एकतीस वर्षं लोकांचे शब्द जसेच्या तसे टिपत होती, कारण गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द आपल्या शब्दापेक्षा खरा, एवढं तिला कोणी न शिकवता कळलं होतं. दीप्तीला स्वतःची लाज वाटली, आणि काकीचा अभिमान वाटला.

"काकी, रात्री मशीन अडली की बाई काय टाकून शोधेल गं? बॉबिन टेन्शन?"

"छ्या. हेच टाकेल, जे इथे येऊन बोलते."

पहिला व्हिडिओ दीप्तीनं काढून टाकला. कात्र्या गेल्या, म्युझिक गेलं. प्रत्येक नव्या व्हिडिओला चिठ्ठीवरचं वाक्य हेच शीर्षक. सुरुवातीला वनमाला चिठ्ठी वाचायची आणि लगेच हात मशीनला. नमस्कार नाही, लाईक करा नाही. एकाच दोषाच्या तीन बायकांच्या तीन चिठ्ठ्या असल्या तर दीप्ती तिन्ही वाक्यं खालच्या मजकुरात घालायची. असे अकरा व्हिडिओ झाले.

पहिला आठवडा काही हललं नाही. धाकूला खाज सुटली होती, पण त्यानं ग्रुपात एक अक्षर टाकलं नाही. त्याच्या स्वभावाला हे उपासापेक्षा कठीण. दहाव्या दिवशी मानखुर्दहून कोणा तेजलची कमेंट आली. 'मावशी, टाके सुटायचे थांबले. उद्या ऑर्डर द्यायची होती.' माणसं आता चार-चार मिनिटं थांबत होती. आपला मोबाइल आपल्याला ओळखीचंच दाखवतो, म्हणून दीप्तीनं ऑफिसातल्या एका पोरीच्या मोबाइलवर 'मशीन खालून जाळं होतं' टाकलं. काकी तिसरी आली. त्या पोरीला काय झालं कळेना, कारण दीप्ती डोळे पुसत होती आणि शिव्याही देत होती.

महिनाअखेरीला दोघी चारकोपला गेल्या. रेग्यांनी पुन्हा 'वनमाला परब' टाकलं. एक ज्योतिषी आली, एक लग्नाचा व्हिडिओ आला.

"बघा, तेच," रेगे म्हणाले. "आजही काही नाही."

दीप्तीचं धाबं दणाणलं. चॅनलवर तिनं काकीचं नावच कुठे धड घातलं नव्हतं. ती बोलायला गेली, तर वनमालानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"साहेब, माझं नाव कशाला शोधताय? मला ओळखतं कोण? तुमच्याकडे बंद मशीन आहे का एखादी?"

भिंतीशी सात होत्या. शिवण शिकवणाऱ्या गंधालीबाई तिथेच होत्या. वनमालानं त्यांना विचारलं, "ह्या पहिलीला काय होतं?"

"कापड पुढे सरकतच नाही. एकाच जागी शिवत बसते."

"हे टाका," वनमाला रेग्यांना म्हणाली. "बाई बोलल्या तस्सं."

रेग्यांनी टाकलं. वरून दुसरी, जिन्याखालच्या गाळ्यात, चष्मा नाकावर, हातात ब्रश घेतलेली वनमाला. रेगे बघत राहिले. व्हिडिओ पूर्ण बघितला, पाच मिनिटांचा. मग उठून स्वतः त्या मशीनची खालची पट्टी काढायला स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागले.

"राहू द्या, साहेब. तुमचं काम नाही ते."

"सोमवारपासून याल?" रेग्यांनी विचारलं.

"सोमवारी या सात होतील. आठव्या मशीनपासून मुली करतील."

ती दुसऱ्या मशीनकडे वळली. पर्समधून कॅलेंडरचा तुकडा आणि दोरा काढला, पेनचं टोपण दातांत धरलं.

"हां, बाई. हिला काय होतं? तुमच्याच शब्दांत सांगा."