वाफाळत्या वाटीतील उष्मांक

धुलाई कारखान्यातील बॉयलरवाल्याची आई दुखण्यातून उठली खरी, परंतु कोणताही घास तिच्या गळ्याखाली उतरेना. परिचारिकेने पौष्टिक भुकटीचा डबा दिला आणि बजावले की ही दाट कालवून, थंडच, कारण ऊन पाण्यात हिच्या गुठळ्या होतात, चमच्याचमच्याने भरवावी; हिच्यात उष्मांक भरपूर आहेत, आणि आईचे वजन याहून घटल्यास काही खरे नाही.

उष्मांक हा शब्द बॉयलरवाल्याच्या नित्य परिचयाचा होता. पाणी एका अंशाने तापविण्यास किती उष्णता लागते, हे त्यास मुखोद्गत होते. गार अन्नात उष्मांक कोठून येणार, असे त्याच्या मनाने घेतले. आणि त्याच्या मनाने एकदा घेतले की प्रत्यक्ष ब्रह्मदेवाचेही तो ऐकत नसे. त्याने भुकटी चिमूटभर घातली, पाणी पुष्कळ ओतले, आणि ते ऊन ऊन पेय फुंकून फुंकून तो आईस पाजू लागला. आईच्या गालांवर लाली चढे. तेवढ्यावर तो समाधान मानी. आईच्या हातातील बांगडी मात्र कोपरापर्यंत सरकू लागली होती.

एके दिवशी थोरली बहीण भेटीस आली. आईस कुशीवर वळविताना तिच्या हातास नुसती हाडे लागली. तिने वाटीत चमचा बुडवून वर धरला. पेय पाण्यासारखे गळून गेले. भावाने आपले उष्मांकाचे शास्त्र तिला समजावून सांगितले. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"शहाणाच आहेस," ती म्हणाली. "मग बॉयलरखाली उकळतं पाणी का नाही रे ओतत? कोळसा तर गारच असतो ना?"

त्याचे तोंड एवढेसे झाले. कोळशातील आग जळाल्यावाचून हातास लागत नाही, आणि अन्नही तसेच देहात जळते, हे त्यास उमगले. त्याने डब्यातील भुकटी दाट कालविली आणि पहिला चमचा आईच्या मुखाशी नेला. आईने मान फिरविली.

"गार आहे रे," ती क्षीण स्वरात म्हणाली. "तुझं ते ऊन ऊनच दे."

बहीण चमचा घेऊ लागली. त्याने दिला नाही. आईच्या मिटल्या ओठांशी तो तसाच धरून बसला, आणि दाट पेय तिच्या हनुवटीवर ओघळू लागले.