शिक्क्याचा कागद आणि एक ग्लास चिचा

सेव्हेराच्या गाईला, पालोमाला, वाचता येत नव्हतं. पण खाणीनं वाटलेली रंगीत पुस्तिका तिनं एकदा हुंगली आणि तोंड फिरवलं. खोटं वाटेल, पण शेजारच्या आक्विलिनानं डोळ्यांनी पाहिलं. पुस्तिकेतल्या निळ्याशार ओढ्यात मासे हसत होते. गावच्या ओढ्यातला शेवटचा मासा तर तीन वर्षांपूर्वी शेपटीवर उभा राहून, चालत चालत गाव सोडून गेला होता.

पालोमाची दोन वासरं मेलेलीच जन्मली. तिसरं पोटात होतं. तिला ओढ्यावर पाजावं, की रोज दोन तास चढून डोंगरातल्या झऱ्यावर न्यावं? पण विचारायचं कुणाला? पुस्तिका म्हणे, पाणी उत्तम. रेडिओ म्हणे, विष. पण तोच रेडिओ टकलावर केस उगवायचं तेलही विकायचा. भाच्याच्या मोबाईलवर तर लिंबू पिळलं की सगळं शुद्ध!

आज सभेत खाणीचा इंजिनिअर बाल्देओन शिक्का मारलेला कागद घेऊन आला होता. ओढा चांगला आहे म्हणून गावानं अंगठे उठवले, की खाणीकडून माणसांपुरता येणारा पाण्याचा टँकर बंद.

"कागद कुठं पळतोय? आधी घसा ओला करा, साहेब," म्हणत सेव्हेरानं चिचाचा, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या दारूचा, घडा पुढं ठेवला.

ग्लास एकच. पहिला घोट धरणीमातेला, बाकीचा तळापर्यंत प्यायचा, मग ग्लास शेजाऱ्याकडं. नको म्हणेल त्याला त्या सभेत कुणी बसू देत नसे. बाल्देओननं ग्लास रिकामा केला, मिशी पुसली.

"फक्कड झालीय, काकू!"

"होणारच. तुमच्या कागदातल्या ओढ्याचं पाणी आहे ना."

त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "ओढ्याचं?"

"उकळलंय की चांगलं तासभर!"

"उकळून शिसं जातं का, बाई!" तो ओरडला आणि भिंतीआड पळाला. घशात बोटं घातल्याचे आवाज सगळ्या सभेनं मन लावून ऐकले.

"शिसं?" आक्विलिनानं पुस्तिका उलटीपालटी केली. "यात तर फक्त मासे आहेत."

तो डोळे पुसत परतला, तेव्हा सेव्हेरानं त्याच्या हातात फडकं दिलं. "घाबरू नका हो. वरच्या झऱ्याचं पाणी होतं. ओढ्याचं पाणी पाहुण्याला पाजायला मी काय खाणवाली आहे?"

कुणी हसलं नाही. गावच्या चिटणीसानं शाईची डबी मिटली आणि सभेची वही उघडली.

"बोला साहेब. शिसं किती, कधीपासून, आणि कुणाकुणाला ठाऊक होतं?"

बाल्देओन आपल्या गाडीकडं बघू लागला. गाडीसमोर आक्विलिनाच्या मेंढ्या बसल्या होत्या. आपणहून बसल्या, असं आक्विलिना अजून म्हणते.

सेव्हेरा उत्तराला थांबली नाही. तिनं पालोमाचं दावं सोडलं आणि गुडघ्यांना शिव्या घालत डोंगर चढू लागली. झऱ्यावर पोचल्यावर तिनं घाई केली नाही. आधी पालोमाला पाणी हुंगू दिलं.