माझा गळा, मालकीणबाईंचा कान

मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो! माझा हिरवा रंग नवाकोरा आहे आणि चाकांच्या टोप्या इतक्या लखलखीत, की त्यात बघून खुशाल भांग पाडा. बाईला वय विचारू नये म्हणतात, पण मी आपणहून सांगते, साठी केव्हाच उलटली.

पत्रे ठोकण्याच्या गोंगाटात, एका कारखान्यात माझा जन्म झाला. म्हणूनच की काय, मला पहिल्यापासून आवाजाची भारी हौस. मला विकत घेतलं ते एका पाववाल्यानं. हेच माझे मालक. पहाटे भट्टीवरून गरम पावाचे ट्रे माझ्या मागच्या सीटवर चढायचे आणि आम्ही दुकानोदुकानी फिरायचो. अजूनही ऊन तापलं, की त्या सीटमधून पावाचा वास येतो.

सकाळी मालक घरी येत ते लेकीला शाळेत सोडायला. तिला मी ताई म्हणते. ताई दोन ट्रेंच्या मधे अंग चोरून बसायची आणि गल्ली मागे पडताच ओरडायची, "बाबा, घुर्र करा ना!" मग मालक अ‍ॅक्सिलरेटर दाबत. मी अशी गरजायचे, की ताई हसून हसून लोटपोट व्हायची. तेव्हा मला आकाश ठेंगणं वाटायचं. दुपारी घरी परत येणं मात्र मला मुळीच आवडत नसे. का, ते पुढे सांगेन. सांगताना आजही जरा लाज वाटते.

मग एक दिवस मालक गेले. मला घरामागच्या शेडमध्ये लावलं, वर ताडपत्री टाकली, आणि अकरा वर्षं मी धूळ खात पडून राहिले. एका मांजरीनं तर माझ्या मागच्या सीटवर तीन बाळंतपणं उरकली. पण मालकीणबाई शेडकडे एकदाही फिरकल्या नाहीत. मागच्या दारातूनच ताईला त्या म्हणाल्या होत्या, "गाडी दिसली, की वाटतं आता दार उघडून हे उतरतील. मला नाही बघवत गं." ते ऐकून मला ताडपत्रीखाली रडू फुटलं.

ताईनं मात्र मनाशी ठरवलं. आईच्या पंचाहत्तरीला हिला पुन्हा उभी करायची आणि आईला पुढच्या सीटवर बसवून फिरवून आणायचं. तिनं उस्तादांना बोलावलं. उस्ताद म्हणजे हातानं काळे आणि जिभेनं फटकळ असे मेकॅनिक. दोन वर्षं त्यांनी आपल्या गॅरेजात माझा गंज खरवडला, इंजिन खोललं, सीटा शिवून घेतल्या.

शेवटी ताई म्हणाली, "उस्ताद, बाबा शाळेत सोडायचे तेव्हा ही काय गरजायची! तश्शीच गरजली पाहिजे. आईनं आवाजावरून ओळखायला हवी."

"गरजेल की! अख्खी गल्ली दारात येईल," उस्ताद म्हणाले. त्यांनी मला मनगटाएवढा जाड, चकचकीत पाइप खास बनवून बसवला. सायलेन्सर नुसता नावाला.

पंचाहत्तरीच्या दिवशी आम्ही गल्लीच्या कोपऱ्यावर वळलो. गल्ली तिथून घरापर्यंत उताराची आहे. काय सांगू माझा तोरा! खिडक्यांची तावदानं थरथरली, बाकाखालचं कुत्रं शेपूट घालून पळालं. फाटकाशी मालकीणबाई उभ्या होत्या, दोन्ही कानांवर हात ठेवून.

"बंद कर आधी ते!" त्या ओरडल्या. "ही आमची गाडी नाही. तुझे बाबा असे कधीच आले नाहीत घरी." आणि त्या आत निघून गेल्या. ताई माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. माझा सगळा तोरा उतरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गॅरेजात. उस्ताद आधी फुगून बसले, पण ताईचा चेहरा बघून कामाला लागले. जाड पाइप काढला. पहिला सायलेन्सर इतका घट्ट बसवला, की माझा श्वासच कोंडला आणि मी चढावर बंद पडले. "गळा दाबून आवाज गोड होत नसतो," उस्ताद स्वतःलाच म्हणाले. मग त्यांनी भोकं पाडलेली नळी घेतली, तिच्याभोवती आवाज शोषणारी काचेची लोकर गुंडाळली, वर पत्र्याचा डबा चढवला आणि सगळं रबरावर टांगलं. सांधा कुठे फुसफुसतो का, हे हाताची पाठ लावून पाहिलं. इंजिन चालू केलं तर आवाज मऊ, खालच्या पट्टीतला, समाधानी. मला स्वतःलाच तो आवडला.

ताईनं मला घरापुढे आणलं. मालकीणबाईंनी पायरीवर बसून ऐकलं.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण ही नव्हे."

"अगं आई, आणखी किती कमी करू?" ताई काकुळतीला आली.

मालकीणबाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "तू तान्ही होतीस ना, तुझी झोप चिमणीएवढी. खुट्ट झालं की भोकाड. म्हणून दुपारी येताना हे कोपऱ्यावरच इंजिन बंद करायचे आणि उतारावरून गाडी सोडून द्यायचे. पुढे तू शाळेत जायला लागलीस, तरी यांची सवय काही सुटली नाही. मला नुसती खडीवर चाकं ऐकू यायची. करकर, करकर. तेवढ्यावर मी चहा टाकायचे."

मित्रांनो, माझी लाजेची गोष्ट ती हीच. ऐन घराजवळ मला रोज गप्प केलं जायचं, याचा मला राग यायचा. तो लेकीच्या झोपेसाठीचा लाड होता, हे मला कळलंच नाही.

ताई तशीच स्टिअरिंगमागे बसली. मला परत कोपऱ्यावर घेऊन गेली. किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि मी उतारावरून आपोआप निघाले. करकर, करकर. या खेपेला मी राग केला नाही.

फाटकाशी थांबलो, तर पायरी रिकामी. ताईचा चेहरा उतरला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज आला. पाठोपाठ मालकीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, माझं पुढचं दार उघडून आत बसल्या आणि मागे वळून वास घेतला.

"पाव," त्या म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं रूप जरूर द्या. पण आधी तिची वाट पाहिलेल्या माणसाला विचारा, तुम्हाला काय ऐकू यायचं? आमची दुपारची फेरी आता रोजची आहे. कोपरा आला, की मी आपणहून गप्प होते. ताई म्हणते किल्ली तीच फिरवते. म्हणू दे बापडीला!